स्टिरिओ लावल्यापासून फ्यूज उडत होता, इथे काम झालं

गाडीला बाहेरून अँड्रॉइड स्टिरिओ बसवला आणि तेव्हापासून पार्किंग लाइट लावले की फ्यूज उडायचा, मीटरचे दिवे पण बंद. बसवणारा म्हणे १० अँपिअरचा फ्यूज काढून २० चा टाका, असलं अजिबात करू नका, फ्यूज टिकेल पण वायरिंग जळेल! कात्रजच्या या ऑटो इलेक्ट्रिशियन दादांनी नवीन फ्यूज टाकायच्या आधी स्टिरिओच बाहेर ओढला, टेस्ट लॅम्प लावला, तर इल्युमिनेशनची (पार्किंग लाइट लावले की स्टिरिओचे दिवे लावणारी) केशरी वायर मागच्या लोखंडी पट्टीत चेपून सोललेली आणि बॉडीला टेकत होती. नुसते पिळून टेप मारलेले जॉइंट सगळे कापून सोल्डर केले, वर स्लीव्ह चढवली. काम एकदम मनापासून, पैसेही वाजवी. रविवारी गर्दी फार असते, सकाळीच जा.