दहावीच्या वर्गातील टच पॅनल: सात महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या महाल भागातील आमच्या शाळेत जुलैमध्ये दहावीच्या वर्गासाठी ६५ इंची टच पॅनल आले. ते थेट जुन्या फळ्यावर ठोकण्याची बसवणाऱ्यांची तयारी होती; फळा राहू द्या, पॅनल शेजारी लावा, हा माझा हट्ट मुख्याध्यापकांनी मान्य केला आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

पॅनलचे पैसे वसूल झाले ते वर्तुळाच्या प्रकरणात. एकाच कंसात आंतरलिखित झालेले कोन एकरूप असतात, हे मी इतकी वर्षे फळ्यावर कोनमापक लावून दाखवत आलो. खडूच्या जाडीमुळे एखादा कोन दोन अंशांनी चुकायचा आणि मागच्या बाकावरून ‘सर, सारखे कुठे आहेत?’ असा प्रश्न हमखास यायचा. या वेळी जिओजेब्रा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकृती काढली आणि शिरोबिंदू सरकवण्यापूर्वी माप वाढेल की घटेल, हे प्रत्येकाला वहीत लिहायला लावले. बहुतेकांनी ‘वाढेल’ लिहिले. एका मुलीने बोटाने बिंदू कंसावरून फिरवला, तरी ४० चा आकडा हलेना. मग तिने तो जीवेच्या पलीकडे नेला आणि आकडा एकदम १४० झाला. (कोनाची मर्यादा ० ते १८० अंश अशी आधी ठरवून ठेवावी, नाहीतर तेथे २२० दिसते आणि तास भलतीकडे जातो.) चक्रीय चौकोनाचे प्रमेय (समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८० अंश) मुलांनी त्याच तासाला स्वतःच्या शब्दांत मांडले.

सिद्धता मात्र मी फळ्यावरच लिहितो. पॅनलवर पान भरले की ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ वर सरकून दिसेनासे होतात, आणि सावकाश लिहिणारा विद्यार्थी तेथेच मागे पडतो. पुस्तकातील क्यूआर कोडवरून उघडणाऱ्या ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपच्या चित्रफिती गैरहजर मुलांना घरी पाहायला ठीक आहेत.

तक्रारीही आहेत. या पॅनलचा टच चौकटीतील अवरक्त किरणांवर चालतो, त्यामुळे सदऱ्याची बाही आडवी आली तरी तिला बोट समजले जाते. ऑक्टोबरमध्ये पडद्यावर आपोआप रेघोट्या उमटू लागल्या. विक्रेत्याचा माणूस दहा दिवसांनी आला, पण तोपर्यंत चौकटीच्या खाचेत साचलेली खडूची भुकटी आमच्या शिपाईकाकांनी मऊ ब्रशने झाडून टाकली होती आणि रेघोट्या थांबल्या होत्या. चार वाजल्यानंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आले की आकृतीऐवजी खिडकीच दिसते, आणि ‘लाइन गेली’ की तास फळ्यावर येतो.

आता नववीसाठी दुसरे पॅनल घेण्याचा विषय निघाला आहे. मी आधी पडदे आणि इन्व्हर्टर मागितला आहे.