तीस लिटरची सॅक आणि सिंहगडाची सहल

तुळशीबागेजवळच्या एका दुकानातून घेतलेली 30 लिटरची सॅक आम्ही गेल्या रविवारी पुण्यापासून सुमारे 30 किलोमीटरवर असलेल्या सिंहगडावर नेली. गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही मिळत असल्याने जेवणाचा डबा मुद्दाम टाळला होता. तरीही दशम्या, पाण्याच्या चार बाटल्या, सतरंजी, मुलांचे जादा कपडे आणि सासूबाईंच्या गोळ्या (त्या सर्वांत वर हव्यात, हे घरातले शास्त्र) एवढे सामान तिच्यात सहज मावले. बाजूचे जाळीचे कप्पे मात्र इतके उथळ आहेत की पुणे दरवाज्याच्या पायऱ्यांवर एक बाटली निसटून घरंगळत गेली. सॅक जलरोधक असल्याचा दुकानदाराचा दावा चेनपाशी फोल ठरला, कारण पहिल्याच सरीत दशम्यांचे फडके ओलसर झाले. खांद्याचे पट्टे रुंद असल्याने ओझे जाणवत नाही.