कडप्पा ठेवला, ट्रॉल्या बसवल्या : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर नवं करायला निघालात की पहिला सल्ला ठरलेला असतो. ओटा फोडा, कडप्पा काढा, सगळं मॉड्युलर करून टाका. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये आम्ही रिसेलचा टू बीएचके घेतला तेव्हा आम्हालाही हेच सांगण्यात आलं आणि शोरूमचं कोटेशन आलं 3 लाख 25 हजारांचं. आम्ही ओट्याला हात लावला नाही. खालचे कडप्प्याचे उभे दगड तसेच ठेवले, मधल्या आडव्या फळ्या काढल्या, आत स्टीलच्या ट्रॉल्या आणि बाहेरून प्लायची शटर बसवली. वरची कपाटं आणि मजुरी धरून दीड लाखाच्या आत काम आटोपलं. त्यावर आता दोन पावसाळे गेलेत. घरात पाच माणसं, दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच, सणावाराला पाहुणे. तेव्हा वापर दणकून झालाय.

आधी कडप्प्याबद्दल, कारण खरा वाद तिथेच आहे. मॉड्युलरमध्ये ओट्याखाली प्लायची किंवा एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्यांची, खोकी येतात. दिसायला काटकोनात, चकाचक. पण सिंकखालचं खोकं पाण्याशेजारीच राहतं. तिथे थोडी जरी गळती झाली तरी तळाची पाटी फुगते, आणि एमडीएफ एकदा फुगलं की परत बसत नाही. कडप्पा पडला चुनखडीचा दगड. पाण्याने फुगत नाही, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या सिंकखालच्या पाणी जाण्याच्या जोडाचा (बॉटल ट्रॅपचा) वायसर सरकला आणि रात्रभर पाणी ठिबकत राहिलं. सकाळी फडक्याने पुसलं, प्लंबरने वायसर बदलला, विषय संपला. आमच्याच सोसायटीत एकांकडे असंच झालं तेव्हा सिंकखालचं अख्खं खोकं काढून नवं बनवावं लागलं.

आता त्याचे नखरे. जुना कडप्पा कधीच काटकोनात नसतो. आमच्याकडे एकाच कप्प्याची रुंदी पुढून आणि मागून मोजली तर अर्ध्या इंचाचा फरक निघाला. त्यामुळे तयार ट्रॉली आणून सरकवणं विसरा. प्रत्येक कप्पा वर, खाली, पुढे, मागे मोजून ट्रॉली करून घ्यावी लागते. अंबड-सातपूर भागात फॅब्रिकेशनची कामं करणारे पुष्कळ आहेत, मापाप्रमाणे करून देतात. ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्या, म्हणजे चॅनल, बसवायला कडप्प्यात भोकं पाडावी लागतात, तिथे मात्र उभं राहून लक्ष ठेवा. कारागिराने मशीन हॅमरवर ठेवून कडेजवळ भोक मारलं की दगडाची कपची उडते, कधी उभी चीर जाते. आमच्याकडे आलेले काका जाणकार होते. आधी साध्या मोडवर बारीक भोक, मग त्याच भोकात मोठं, आणि कडेपासून अंतर राखून. दुसरा नखरा आंबटाचा. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडून राहिलं की कडप्प्यावर पांढुरका डाग पडतो आणि तो जात नाही. आत कोण बघतंय म्हणा!

कडप्पा आणि भिंत यांच्यातल्या फटी मात्र ट्रॉल्या बसण्याआधी बुजवून घ्याच. नंतर तिथे हात पोचत नाही आणि झुरळांचा मुक्काम तिथेच पडतो. आम्ही व्हाइट सिमेंट भरलं, सिंकच्या बाजूला एपॉक्सी. तरीही झुरळं आलीच तर झुरळं मारायच्या जेलचे बारीक ठिपके बिजागरीजवळ आणि कोपऱ्यांत लावा. जेल लावल्यावर त्याच जागी स्प्रे मारू नका. स्प्रेच्या वासाने झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत आणि दोन्ही पैसे वाया जातात.

स्टीलचं म्हणाल तर बाजारात दोन जाती चालतात, 304 आणि 202. पहिल्या दिवशी दोन्ही सारख्याच चमकतात. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये महागडं निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि ओलाव्यात, मिठात लवकर डागाळतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, “बघा ताई, चिकटत नाही, म्हणजे 304.” त्यावर जाऊ नका. 202 लाही चुंबक चिकटत नाही. उलट 304 च्या तारेलाही वाकवलेल्या ठिकाणी किंचित ओढ लागू शकते. त्यापेक्षा तपासणीचं द्रावण मिळतं. एक थेंब टाकून छोटी बॅटरी लावायची. मँगनीजवालं स्टील असेल तर थेंब लाल होतो. आम्ही फॅब्रिकेटरलाच हे करून दाखवायला सांगितलं. एका ट्रॉलीवर थेंब लाल झाला. “चुकून दुसऱ्या लॉटमधली आली,” म्हणाला आणि बदलून दिली. चुकून की कसं ते त्यालाच माहीत. बिलावर 304 लिहून घ्या, एवढं मात्र नक्की करा.

आमच्या 304 च्या ट्रॉल्यांना आजवर गंज नाही. सिंकच्या शेजारच्या ट्रॉलीवर मात्र तपकिरी ठिपके आले होते. कारण शोधलं तर सिंकखाली ठेवलेली बाथरूमच्या ॲसिडची बाटली निघाली. झाकण सैल असलं की त्या ॲसिडची वाफ स्टीलला खाते, 304 लाही. बाटली बाल्कनीत गेली, ठिपके भांड्यांच्या पावडरीने घासून निघाले, पुन्हा आले नाहीत. ब्लीचवाल्या क्लीनरचंही तेच, तो सांडला की लगेच धुऊन टाकायचा.

आणि चॅनल! ट्रॉली कितीही उत्तम घ्या, ती सरकते चॅनलवर आणि चॅनल असतो साध्या लोखंडाचा, वर जस्ताचा मुलामा दिलेला. त्यामुळे गंज धरायचाच तर आधी चॅनल धरतो. भांडी निथळायच्या आत ट्रॉलीत ठेवली की पाणी ओघळून चॅनलमध्ये जातं, तिथल्या ग्रीसमध्ये पीठ आणि तेलाची वाफ मिसळते आणि काळा चिखल तयार होतो. मग ट्रॉली अर्ध्यावर अडते. हे आमच्याकडे ताट-वाट्यांच्या ट्रॉलीत झालं. उपाय साधा आहे. कोरड्या जुन्या टूथब्रशने तो चिखल काढायचा, पुसायचं आणि थोडा सिलिकॉन स्प्रे मारायचा. खोबरेल किंवा गोडं तेल घालू नका, त्याचा चिकटा होऊन दुप्पट घाण धरते. दिवाळीच्या साफसफाईत हे काम धरून ठेवलंय.

चॅनलवर 45 किलो लिहिलेलं असतं, ते नव्या, सरळ बसवलेल्या जोडीचं. आमच्या सासूबाईंचा पितळी डब्यांचा संसार भांडी बाजारातला, जुन्या वजनाचा. ते डबे ट्रॉलीत भरले तेव्हा पूर्ण बाहेर ओढल्यावर पुढची बाजू लवायला लागली. आता ते खालच्या कप्प्यात फरशीवरच ठेवलेत. तिथे ट्रॉलीच लावली नाही, नुसतं शटर आहे. सगळीकडे ट्रॉली हवीच असं काही नाही.

सॉफ्ट क्लोजचे, म्हणजे ट्रॉली हळूच आपोआप बंद होण्याचे, जादा पैसे आम्ही फक्त रोज पन्नासदा उघडणाऱ्या दोन ट्रॉल्यांना दिले, चमच्यांच्या आणि मसाल्यांच्या. बाकी साधे बेअरिंगचे. आजही याबद्दल तक्रार नाही.

मापं घ्यायला माणूस येईल तेव्हा भांडी बाहेर काढून ठेवा. ट्रॉलीवाल्याच्या कॅटलॉगमध्ये कप-बशी, ताटं, बाटल्या सगळ्यांची सोय असते, पण परात, पोळपाट, भाकरीचा तवा आणि मोठी कढई कुठे जाणार हे कोणी विचारत नाही. आमची बाजरीची भाकरी थापायची परात कप्प्याच्या रुंदीपेक्षा मोठी निघाली. आडवी बसेना. मग एका अरुंद कप्प्यात उभ्या दांड्या मारून घेतल्या. त्यात परात, पोळपाट, तवा, ताटल्या उभ्या राहतात, एक काढताना दुसरं हलत नाही. सगळ्या स्वयंपाकघरात ही एक गोष्ट मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवते. अख्ख्या कामातली सगळ्यात स्वस्त वस्तूही हीच.

कांदा-बटाट्याची जाळीची ट्रॉली सगळेच लावतात. उन्हाळ कांदा आम्ही गोणीने घेतो. तो यात ठेवायचा नाही. बंद शटरमागे हवा लागत नाही, पावसाळ्यात कोंब येतात नाहीतर वास सुटतो. गोणीतला कांदा बाल्कनीत पसरून ठेवायचा आणि ट्रॉलीत आठवड्यापुरताच.

शटरला प्लाय आयएस 710 चा, 18 मिलिमीटरचा घेतला. या दर्ज्याच्या प्लायचा नमुना 72 तास उकळत्या पाण्याच्या चाचणीतून जातो. शिक्का पाटीवरच असतो, तो कापण्याआधी बघून घ्या, कारण कापल्यावर आणि लॅमिनेट चिकटवल्यावर सगळे प्लाय भाऊ-भाऊच. लॅमिनेट आतूनही लावून घ्या. एकाच बाजूने लावलं तर शटर वाकतं. रंग मात्र माझ्या मनाविरुद्ध ठरला. लेकीला चकचकीत पांढरा हवा होता, आणला. हळदीचे बोट रोज उमटतात. ओल्या फडक्याने पुसूनही पिवळेपणा राहिला तर खिडकीतून ऊन येणाऱ्या बाजूला तो आपोआप फिका होतो, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. सावलीतल्या शटरांना ती सोय नाही. मॅट, मध्यम रंगाचं घ्या. आणि हँडलऐवजी वरच्या कडेला खाच देणारी पट्टी लावणार असाल तर त्या खाचेत पीठ साठतं हे लक्षात ठेवा.

गॅसची जागा ठरवताना एक गोष्ट बऱ्याच कारागिरांनाही ठाऊक नसते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून त्या कप्प्याच्या शटरला खालच्या बाजूला जाळी हवी. पाइपचा गॅस हलका, वर जातो, त्याला वरच्या बाजूला मोकळीक हवी. नाशकात एमएनजीएल कंपनीची पाइप गॅसची लाइन आता बऱ्याच भागांत आलीय. आमच्याकडे काम झाल्यावर आली, तेव्हा शटरला वरूनही एक जाळी पाडून घेतली. सिलिंडरच्या ट्रॉलीवर आता गव्हाचा डबा बसतो.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल काय सांगू? ज्याच्याकडून काम करून घेतलं तो शेवटचा हप्ता मिळेपर्यंत ‘ताई, एका फोनवर येतो’ म्हणत होता. नंतर एक बिजागरी ढिली झाली तर महिनाभर उद्या येतो, परवा येतो चाललं. शेवटी नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतःच आवळली. बिजागरीला दोन स्क्रू असतात, एक शटर डावीकडे-उजवीकडे सरकवतो, दुसरा आत-बाहेर. पाच मिनिटांचं काम आहे. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायची बोली आधीच करून घ्या. मान्य करणारा माणूस सापडतो.

राहता राहिला एल आकाराच्या ओट्याचा कोपरा. तिथे फिरत्या जाळीची यंत्रणा लावा म्हणून फार आग्रह झाला. किंमत दोन साध्या ट्रॉल्यांएवढी, आणि कडप्प्याच्या वाकड्या कोपऱ्यात ती नीट फिरेल याची खात्री कोणी देईना. आम्ही तिथे नुसतं शटर लावलं. आत चकली-शेवेचा सोऱ्या, इडलीपात्र, पुरणयंत्र, वर्षातून चारदा लागणारं सगळं. काढायला गुडघ्यावर बसावं लागतं, पण वर्षातून चारदाच.