नमुना एक, माल दुसरा : मलमाच्या ट्यूबचा आमचा अनुभव

सांगलीजवळच्या आमच्या लहानशा कारखान्यात सांधेदुखीवरचे मलम तयार होते. कापूर, पुदिन्याचे सत्त्व आणि गंधपुऱ्याचे तेल हे त्यातले मुख्य घटक. हे तिन्ही उडून जाणारे, आणि साध्या प्लॅस्टिकमधून हळूहळू झिरपणारे असल्यामुळे आम्ही पहिल्यापासून लॅमी ट्यूब, म्हणजे प्लॅस्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली ट्यूब, वापरत होतो. ३० ग्रॅमच्या अशा ट्यूबला आम्हाला ५ रुपये २० पैसे पडत.

गेल्या वर्षी एक पुरवठादार स्वतःहून आला. ट्यूब मागच्या उघड्या टोकाने भरली जाते आणि मग ते टोक चपटे करून उष्णतेने बंद होते, हे त्याला सांगावे लागले नाही; उलट आमच्या खोक्याकडे पाहूनच त्याने हिशेब मांडला. २५ मिलिमीटर व्यासाच्या ट्यूबचे टोक चपटे झाल्यावर परिघाच्या निम्मे, म्हणजे सुमारे ३९ मिलिमीटर रुंद होते, ती रुंदी कमी करता येत नाही. पण आमचे ६ मिलिमीटरचे सील, म्हणजे टोकाची चिकटलेली पट्टी, ३ मिलिमीटरवर आणून कोपरे गोल केले, तर ट्यूब आणि खोके दोन्ही आखूड होतील, असे त्याचे म्हणणे होते. यात खोटे काही नव्हते. आतले दोन्ही थर पूर्ण वितळून एकजीव झाले असतील, तर अरुंद सीलही भक्कम ठरते, आणि अर्धवट चिकटलेले रुंद सील गळते. बोलणे तंत्रदृष्ट्या बरोबर होते म्हणूनच माणसाची चौकशी करण्याचे मला सुचले नाही.

त्याने आणलेले बारा नमुने आधीच बंद केलेले होते. आम्ही त्यांवर उभे राहिलो, दोन ट्यूब दाराच्या फटीत दाबल्या. एकही फुटली नाही. मात्र त्या ट्यूब रिकाम्या होत्या, म्हणजे त्यांच्या आत नुसती हवा होती. प्रत्यक्षात भरताना मलमाचा ओशट थर टोकाच्या आतल्या बाजूला लागतो आणि तेवढ्या जागी सील धरत नाही. नमुने उघड्या टोकाचे मागून घेऊन, आपल्या यंत्रावर, आपलेच मलम भरून पाहायला हवे होते. आमच्या फिलिंग यंत्रावर वीस वर्षे काम केलेल्या कारागिराने तसे सुचवलेही होते. घाई माझी होती.

दर ४ रुपये ६० पैसे ठरला. २०,००० ट्यूबचे ९२,००० रुपये आणि डिझाइनचे वेगळे १८,००० रुपये; निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली माल निघण्यापूर्वी. ऑर्डरच्या कागदावर मी ‘दाखवलेल्या नमुन्याप्रमाणे’ एवढेच लिहिले. थरांची जाडी लिहिली नाही, आतल्या पत्र्याचा उल्लेख केला नाही आणि सहीशिक्का केलेला एकही नमुना स्वतःकडे ठेवला नाही. उरलेले नमुने तर त्याने ‘यंत्राच्या मापासाठी’ परत नेले.

माल दिसायला अगदी तसाच होता: तीच चंदेरी झाक, तीच छपाई. सील नीट धरेना, तेव्हा त्याच्या माणसाने येऊन उष्णता वाढवून दिली. टोके चिकटली, पण जादा तापलेले प्लॅस्टिक बाहेर पसरून सीलच्या आतल्या कडेला भिंत पातळ झाली, हे पुढे ट्यूब उभी कापल्यावर दिसले. गोदामात रचलेल्या पेट्यांना कापराचा वास येत होता. तो वास मला त्या वेळी आवडला होता. बंद ट्यूबमधून वास येणे म्हणजे मधला पत्राच नसणे, हे तेव्हा ध्यानात यायला हवे होते.

एप्रिलच्या उत्तरार्धात विदर्भातल्या औषध दुकानांतून तक्रारी सुरू झाल्या. खोकी तेलकट झाली होती, बहुतेक ट्यूब कोपऱ्यातून गळत होत्या. तेव्हा ट्यूब कापून तुकडा दुमडून पाहिला. ॲल्युमिनियमचा पत्रा असलेला तुकडा दुमडला तसाच राहतो. हा लगेच उसळून सरळ झाला. मायक्रोमीटर या मोजणीच्या उपकरणावर जाडी २२० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरली. त्याने तोंडी २७५ सांगितली होती.

पुरवठादाराचे उत्तर तयारच होते: तुमचे यंत्र जास्त तापले, आणि बिलावर छापल्याप्रमाणे तक्रारीची सात दिवसांची मुदत उलटली. वकिलांनी १९३० च्या मालविक्री कायद्याचे १७ वे कलम दाखवले. नमुन्यावरून झालेल्या विक्रीत सगळा माल नमुन्याच्या दर्जाचा असावा लागतो आणि खरेदीदाराला तो ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळावी लागते. कायदा आमच्या बाजूने होता, पण ताडून पाहायला नमुनाच हाती नव्हता. पुढे माझ्या मुलीच्या दप्तरात, तिने रंग भरायला म्हणून नेलेली एक नमुन्याची ट्यूब सापडली. तिची जाडी २७४ मायक्रॉन आहे आणि तिचा तुकडा दुमडलेला राहतो. तिच्या आधारे नोटीस पाठवली आहे. ती ट्यूब माझ्याच ताब्यात होती, तिच्यावर त्याची सही नाही, त्यामुळे ती कितपत टिकेल याबद्दल वकील फारसे आशावादी नाहीत.

आता आमच्या ऑर्डरमध्ये एकूण जाडी, ॲल्युमिनियमची जाडी आणि सीलची रुंदी आकड्यांत असते, आणि दोघांच्या सह्यांचे पाच नमुने लखोट्यात बंद असतात. डोळ्यांच्या मलमाच्या ट्यूबसाठी अमेरिकी औषधसंहितेत गळतीची एक चाचणी आहे: १० ट्यूब शोषक कागदावर आडव्या ठेवून ६० अंश सेल्सिअसला ८ तास तापवायच्या आणि कागद पाहायचा. आमचे मलम डोळ्यांचे नाही, तरी प्रत्येक नव्या मालातल्या दहा ट्यूब भरून आम्ही हेच करतो. त्या पुरवठादाराच्या उरलेल्या साडेसहा हजार ट्यूबमधल्या दहा अशाच ठेवल्या होत्या; कागदावर सात ठिकाणी डाग पडले. तो कागदही वकिलांकडे दिला आहे.