'श्लॉक मर्सेनरी' : आठ महिन्यांच्या वाचनानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी मी हॉवर्ड टेलर यांची 'श्लॉक मर्सेनरी' ही विज्ञानकथात्मक विनोदी वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर रोज एक छोटी चित्रपट्टी देणारी मालिका, पहिल्या पट्टीपासून वाचायला घेतली आणि रोज साधारण तीस पट्ट्या या हिशेबाने आठ महिन्यांत संपवली. ही मालिका 12 जून 2000 रोजी सुरू झाली आणि 24 जुलै 2020 रोजी संपली. मधल्या वीस वर्षांत तिचा एकही दिवस चुकला नाही. सगळा संग्रह इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. टेलर यांनी 2004 मध्ये नॉव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीतील नोकरी सोडून केवळ या कामावर संसार चालवायचे ठरवले, हे मला वाचता वाचता कळले आणि त्यानंतर रविवारच्या मोठ्या रंगीत पट्टीकडे मी जरा अधिक आदराने पाहू लागलो.

कथा एकतिसाव्या शतकातील भाडोत्री सैनिकांच्या एका तुकडीची आहे. कॅप्टन कॅफ टॅगन हा तिचा म्होरक्या. ज्याच्या नावाने मालिका ओळखली जाते तो सार्जंट श्लॉक म्हणजे हाडे नसलेला, हवा तो आकार घेणारा हिरवट गोळा आहे. त्याला प्लाझ्मा तोफ आणि खाणे या दोन गोष्टी मनापासून आवडतात, आणि खाण्यात प्रसंगी शत्रूही येतो. पहिल्या शंभरेक पट्ट्यांत याहून फारसे काही हाती लागत नाही. चित्रे कच्ची आहेत, चेहरे दिवसागणिक बदलतात आणि पार्श्वभूमी बहुतेक वेळा रिकामीच असते. टेलर चित्रकला हातावर बसवत होते आणि ते शिकणे वाचकांसमोर, रोजच्या रोज चालले होते. अनेक जण इथेच वाचन सोडत असतील, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

मला धरून ठेवले ते कल्पनांनी. या विश्वात दूरचा प्रवास अंतराळातील महाद्वारांतून होतो आणि ती द्वारे एकाच जमातीच्या ताब्यात असतात. तुकडीतील केविन हा अभियंता टेरापोर्ट शोधून काढतो, ज्यामुळे जहाजाला द्वाराची गरजच उरत नाही. मक्तेदारी मोडते, युद्ध पेटते. इथपर्यंत कोणीही कल्पक लेखक पोहोचला असता. टेलर एक पाऊल पुढे जातात : द्वारपाल गुपचूप प्रवाशांच्या हुबेहूब प्रती तयार करत होते, प्रतीची उलटतपासणी घेऊन तिला मारून टाकत होते, आणि मूळ प्रवासी काहीच न कळता पुढे निघून जात होता. हे बिंग फुटताना गव्ह नावाच्या एकाच शास्त्रज्ञाच्या 95 कोटी प्रती जिवंत बाहेर पडतात. ती पट्टी वाचून मी खळखळून हसलो, आणि काही क्षणांतच त्याआधी मारल्या गेलेल्या प्रतींचा विचार मनात येऊन हसू विरले. मोठा विनोद आणि मोठा अन्याय एकाच घटनेत बसवण्याची ही हातोटी मालिकेचे सर्वांत मोठे बळ आहे.

दोष मात्र रोज पट्टी देण्याच्या शिस्तीतून आला आहे. रोजची पट्टी रोज हसवून थांबली पाहिजे, या नियमामुळे शेवटची चौकट नेहमी विनोदाची असते. दिवसाला एकच पट्टी वाचणाऱ्याला ते सुखाचे होत असेल, पण सलग तीस वाचताना दर चौथ्या चौकटीला ठेच लागते. एखादे पात्र शोकात असताना कोणीतरी चुरचुरीत बोलते आणि तो शोक रुजतच नाही. विनोदाचा मोठा भाग इंग्रजी शब्दश्लेषांवर उभा असल्याने मला काही पट्ट्या दोनदा वाचाव्या लागल्या. पात्रे इतकी आहेत की मधे चार दिवस खंड पडला की कोण कोणत्या बाजूचा हे विसरायला होते. पट्टीखालच्या तळटिपा शास्त्र छान समजावतात, पण पात्रांची आठवण क्वचितच करून देतात.

उत्तरार्धात आणखी एक अडचण येते. मृतांना साठवलेल्या स्मृतींतून परत उभे करता येऊ लागते आणि मरणाची भीती ओसरते. टेलर यांना हे जाणवले असावे, कारण कॅप्टन टॅगन आपल्या माणसांसाठी प्राण देऊन परत येतो तेव्हा त्याला स्वतःचे ते धैर्य आठवत नाही. भोवतालचे सगळे त्याच्याकडे वीर म्हणून पाहतात आणि तो त्या अनोळखी माणसाशी स्वतःला ताडून पाहत राहतो. तो भाग मला पूर्ण मालिकेत सर्वाधिक भावला. शेवटच्या खंडांतील देवयानीच्या दीर्घिकेपर्यंत पसरलेले महायुद्ध त्या मानाने फार मोठे झाले आहे. तिथे तुकडीतील माणसे बारीक दिसतात.

ज्यांना सात हजारांहून अधिक पट्ट्यांचा पल्ला जड वाटतो, त्यांनी 'द लाँगशोअरमन ऑफ द अपोकॅलिप्स' हा खंड आधी वाचावा. 2010 मध्ये त्याला ह्यूगो या विज्ञानकथांसाठीच्या पुरस्काराचे नामांकन मिळाले होते. क्रेडोमार नावाच्या अंतराळ वसाहतीत अन्नवाटपासाठी गेलेली तुकडी आणि तिथे राजा होऊन बसलेले लोटा नावाचे यंत्र, एवढ्यावर तो बहुतांशी स्वतंत्रपणे उभा आहे. चित्रेही तोवर पुष्कळ सुधारलेली आहेत. माझ्या धाकट्या भावाला मी तोच दिला, आणि आता तो मागे जाऊन 2000 सालच्या कच्च्या चित्रांपाशी पोहोचला आहे.