चेनचा डोझर बर्फात: पाच महिन्यांनंतरचा अनुभव

नोव्हेंबरच्या शेवटी हा डोझर बर्फ काढायच्या कामाला लावला, तेव्हा माझा हिशोब सोपा होता. 13 टनांचं धूड, लोखंडी चेन, सहा दिशांना हलणारं ब्लेड; भुसभुशीत बर्फ याला काय अडवणार? बर्फानं अडवलंही नाही. अडवलं ते पहिल्याच आठवड्यात एका सकाळी, उभ्या गाडीनं.

आदल्या संध्याकाळी दमून गाडी होती तिथेच बंद केली होती. चेनमध्ये बर्फ आणि चिखलाचा लगदा भरलेला, आणि रात्री पारा -18 वर. सकाळी इंजिन चालू झालं, लिव्हर पुढे केली, गाडी ढिम्म. रोलर (चेनवर गाडीचं वजन पेलणारी छोटी चाकं) चेनला चिकटलेले, चेन जमिनीला. रेस देऊन हिसका मारायचा मोह झाला होता. तो आवरला म्हणून फायनल ड्राइव्ह (चेन फिरवणारा शेवटचा गिअरबॉक्स) वाचला असं मला आजही वाटतं. पहार आणि गरम हवेचा हीटर घेऊन दोघांचे तीन तास गेले.

तेव्हापासून दिवसाची शेवटची वीस मिनिटं चेनची. फावड्यानं आणि पहारीनं रोलर, आयडलर (चेनच्या पुढच्या टोकाचं चाक), स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) मोकळे करायचे, गाडी थोडी पुढे-मागे घ्यायची, मग जाड फळ्यांवर चढवून उभी करायची. ब्लेडही फळीवरच टेकवायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि अंधारात बोटं बधिर झालेली असताना तर शिव्याच येतात तोंडात. पण त्यानंतर गाडी एकदाही गोठून बसलेली नाही.

चेनच्या ताणाबद्दल मी चुकीचं धरून चाललो होतो. गॅरेजमध्ये स्वच्छ चेनवर झोळ, म्हणजे चेन मध्ये किती लोंबते ते, मोजून ठेवला आणि खूश झालो. कामावर स्प्रॉकेटच्या दातांमध्ये बर्फ दाबून बसतो, दगडासारखा होतो, आणि चेन आपोआप ताणली जाते. मग चेनच्या सांध्यांतल्या पिन आणि बुश झिजतात, इंजिनाची ताकदही त्यातच जाते. झोळ मोजायचा तो तासभर काम करून, चेन बर्फानं भरलेली असतानाच. चेनचा ताण ग्रीसच्या दाबावर धरलेला असतो; तो सैल करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह हळूच आणि थोडाच उघडायचा, आणि त्याच्या समोर तोंड न्यायचं नाही. आतला दाब माणसाला जखमी करण्याएवढा असतो.

आता पकड. मऊ बर्फात चेन सुंदर चालते. वजन पसरतं, ग्राउझर (चेनच्या पाट्यांवरचे उभे कंगोरे) खाली रुततात, चाकाची गाडी जिथे अडकेल तिथून हा सहज जातो. कडक बर्फाच्या थरावर मात्र तोच डोझर घसरगाडी होतो. जानेवारीत एका उताराला आडवा चालवत होतो. मागचा भाग खाली सरकायला लागला, लिव्हर सोडल्या, चेन जागेवर थांबल्या आणि गाडी तशीच खाली जात राहिली. चार-पाच मीटरवर बर्फाच्या ढिगात ब्लेड रुतलं म्हणून थांबली. आता उतारावर सरळ वर, सरळ खाली, ब्लेड जमिनीलगत. आडवं जायचं नाही, वळायचं तर सपाटीवर.

चालू करण्याची तयारी हा वेगळाच धडा. पहिल्या मोठ्या थंडीत टाकीत उन्हाळी डिझेल शिल्लक होतं. गाडी सुरू झाली, दहा मिनिटांत गुदमरून बंद पडली. डिझेलमधलं मेण जमून फिल्टर तुंबला होता. चूक माझीच. आता हिवाळी डिझेल, आणि टाकी संध्याकाळीच भरतो, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही. इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर रात्री लावतो. कूलंट निम्मं पाणी, निम्मं अँटिफ्रीझ, ते -37 पर्यंत निभावतं. इंजिन ऑइल 15W-40 काढून थंडीत जास्त पातळ राहणारं 5W-40 टाकलं, तेव्हा सेल्फ मारल्यावरचा आवाजच बदलला. माझ्या इंजिनाला आत जाणारी हवा तापवणारा हीटर आहे, त्यामुळे थंडीत इंजिन पेटवायचा ईथरचा स्प्रे अजिबात नाही; तापलेल्या हीटरवर तो भडकू शकतो. इंजिन धरल्यावरही लगेच कामाला लागत नाही. हायड्रॉलिक तेल काकवीसारखं झालेलं असतं, म्हणून ब्लेड सावकाश वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवत बसायचं.

कामाचं म्हणाल तर वाऱ्यानं दाबलेले जुने ढीग फोडणं, रस्त्याकडेच्या भिंती मागे सारणं, यात याला तोड नाही. ब्लेड तिरपं करून कडेला सोडत गेलं की बर्फ पुढे साठत नाही. पण मोकळं, सपाट मैदान साफ करायचं असेल तर लोडर घ्या. डोझर तिथे हळू पडतो, आणि ग्राउझर पक्क्या फरशीचे वाभाडे काढतात. खडीच्या रस्त्यावर मी दोन बोटं बर्फ ठेवूनच चालवतो, नाहीतर वसंतात सगळी खडी कडेच्या ढिगात सापडते. पाइपांची तोंडं, झाकणं, कठडे यांच्याजवळ बर्फ पडायच्या आधीच उंच काठ्या रोवल्या होत्या. तरी एक झाकण गेलंच.

केबिनचा हीटर चांगला, मागची काच मात्र सतत धुरकट. चढता-उतरताना बर्फाळ चेनवरून मी दोनदा घसरलो. आता बूट आपटून, तीन ठिकाणी धरूनच चढतो.

पुढच्या हंगामाआधी चेनला मध्ये भोक असलेल्या पाट्या बसवून घेणार आहे. त्या भोकातून बर्फ बाहेर ढकलला जातो. जुन्या पाट्यांचे ग्राउझर तसेही निम्मे घासले आहेत.