स्ट्रिंग, जास्पर, ईपीडी: कॅन्सर जीनच्या प्रोजेक्टसाठी फुकटचा सेट कसा आहे? (बडोद्याहून रिव्ह्यू)

पहिलंच सांगून टाकते, पैसे लागत नाहीत. स्ट्रिंग (जीनमधले संबंध जाळ्यासारखे दाखवणारी), जास्पर आणि ईपीडी (जीनजवळचा डीएनए तपासायला) या तिन्ही साइट फुकट आहेत, अकाउंटसुद्धा काढावं लागत नाही, आणि इथे बडोद्यात एमएससी किंवा पीएचडी करणाऱ्या कोणाला "हे कॅन्सरचे जीन एकमेकांशी कसे जोडलेत ते शोधा" असला प्रोजेक्ट गळ्यात पडला असेल तर माझ्या मते एवढ्यावर काम भागतं. फक्त एकटं एकटं वापरू नका. एकत्र वापरायचं म्हणजे नक्की कसं, त्यातच सगळी मेख आहे म्हणून एवढं लांबलचक टाइप करतेय, चहा घेऊन बसा.

ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे दोन कामं आहेत, स्ट्रिंगसाठी लिटरेचर मायनिंग आणि जास्पर-ईपीडीसाठी प्रमोटर अॅनालिसिस. लिटरेचर मायनिंग म्हणजे पबमेड या वैद्यकीय पेपरच्या साइटवरच्या साडेतीन कोटींहून जास्त नोंदी माणसाने वाचणं शक्य नाही, मग कॉम्प्युटर वाचतो आणि कुठले दोन जीन एकाच अॅबस्ट्रॅक्टमध्ये (पेपरच्या सारांशात), एकाच वाक्यात पुन्हापुन्हा येतात ते मोजतो. हे खूळ नवीन नाही हं, शिकागोच्या डॉन स्वॉन्सनने १९८६ मध्ये माशाच्या तेलावरचे पेपर आणि रेनॉड आजारावरचे पेपर शेजारी ठेवून दोघांचा संबंध असावा असं मांडलं होतं, तोवर दोन्हीकडचे लोक एकमेकांचं वाचतच नव्हते. प्रमोटर अॅनालिसिसमध्ये आपण पेपर वाचत नाही, डीएनए वाचतो. जीन सुरू होतो त्याच्या आसपासच्या तुकड्यात (तोच प्रमोटर) कुठल्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरला, म्हणजे जीन चालू-बंद करणाऱ्या प्रोटीनला, बसायला जागा आहे ते बघायचं, आणि दोन जीनच्या प्रमोटरमध्ये एकाच फॅक्टरच्या जागा मिळाल्या तर दोघांचं बटण एकच असू शकतं असा अंदाज.

आता स्ट्रिंग. वापरायला एकदम सोपी, जीनची यादी टाका, माणूस सिलेक्ट करा, जाळं तयार. नवशिका पोरगा इथेच खूश होतो आणि स्क्रीनशॉट घेऊन डायरेक्ट थीसिसमध्ये चिकटवतो. थांबा जरा. त्या रेघा रंगीत असतात ना, त्यातली पोपटी रेघ म्हणजे टेक्स्टमायनिंग, वर सांगितलं ते लिटरेचर मायनिंगच. दोन जीनमध्ये नुसती पोपटी रेघ असेल तर त्याचा अर्थ एवढाच की दोघांची नावं लोकांनी बरोबर लिहिली आहेत. "अमुकचा तमुकवर काही परिणाम दिसला नाही" असं वाक्य असलं तरी दोन्ही नावं बरोबरच मोजली जातात. शिवाय टीपी५३ हा माणसाचा सगळ्यात जास्त अभ्यासलेला जीन, त्याच्याबरोबर कोणाचं नाव येत नाही ते सांगा! कॅन्सरची कुठलीही यादी टाका, तोच मध्ये ठाण मांडून बसलेला दिसेल. हे बायॉलॉजी कमी आणि प्रसिद्धी जास्त.

नावांचा गोंधळ वेगळाच. मेट, किट, रेस्ट, सेट, मॅक्स हे सगळे खरे जीन आहेत आणि इंग्रजीतले रोजचे शब्दही आहेत. पी२१ म्हटलं की आजचे लोक सीडीकेएन१ए समजतात, पण ऐंशीच्या दशकातल्या पेपरमध्ये रास या कॅन्सरच्या जीनच्या प्रोटीनलाही पी२१च म्हणायचे. म्हणून मी संशय आला की अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी संस्थेच्या पबटेटर साइटवर तो अॅबस्ट्रॅक्ट उघडते, तिथे जीन, आजार, म्युटेशन रंगवून दाखवतात आणि नाव कुठल्या आयडीला जोडलंय तेही कळतं.

स्ट्रिंगची मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे सेटिंग्जमध्ये जाऊन टेक्स्टमायनिंगची टिक काढता येते. काढा, अपडेट दाबा, आणि बघा किती रेघा उरतात. एमडीएम२ आणि टीपी५३ची जोडी टिकतेच, प्रयोगांचे पुरावे ढिगाने आहेत. ज्या जोड्या गळतात त्या फेकायच्या नाहीत, उलट त्याच पुढे न्यायच्या, कारण प्रमोटरवाला भाग त्यांच्यासाठीच आहे.

तिथे जास्पर आणि ईपीडी लागतात. जास्पर म्हणजे मोटिफचा (फॅक्टरला बसायला आवडणाऱ्या अक्षरांच्या नमुन्यांचा) उघडा संग्रह, २००४ पासून आहे, कुठल्या फॅक्टरला कुठलं अक्षर किती आवडतं त्याचे तक्ते. ईपीडी स्वित्झर्लंडची, प्रमोटरची, जीन नक्की कुठून सुरू होतो ते प्रयोगांवरून ठरवलेलं. तिच्या साइटवरच जास्परचा मोटिफ निवडून आपल्या जीनवर शोधता येतो आणि पी-व्हॅल्यूचा (नुसत्या योगायोगाने जुळण्याच्या शक्यतेचा) कटऑफ बदलता येतो. कोडिंग न येणाऱ्याला हे वरदान आहे.

पण इथे उलटा त्रास. स्ट्रिंग प्रसिद्ध लोकांनाच ओळखते आणि मोटिफ स्कॅन सगळ्यांनाच ओळखतं. मायक हा कॅन्सरमधला गाजलेला फॅक्टर, त्याची आवडती जागा म्हणजे सी-ए-सी-जी-टी-जी, सहा अक्षरं. चारही अक्षरं सारख्या प्रमाणात धरली तर ही सहा अक्षरं नुसत्या योगायोगाने दर ४०९६ अक्षरांमागे एकदा येणार. आता वीस हजार जीन घ्या, प्रत्येकाचा हजार अक्षरांचा प्रमोटर, झाली दोन कोटी अक्षरं, म्हणजे जवळपास पाच हजार ठिकाणी ही जागा सापडणारच, तिथे मायक आयुष्यात कधी बसो न बसो. आणि लोक एका मोटिफवर थांबत नाहीत, शेकडो मोटिफ एकदम चालवतात आणि मग "माझ्या जीनवर चाळीस फॅक्टर आहेत" म्हणून पोस्टर लावतात.

विंडोचं, म्हणजे जीनच्या सुरुवातीपासून किती अक्षरं बघायची त्याचं, तर बोलायलाच नको. हजार अक्षरं मागे एवढंच बघायची बऱ्याच जणांना सवय आहे. सीडीकेएन१ए म्हणजे पी५३चा (टीपी५३च्या प्रोटीनचा) सगळ्यात गाजलेला टार्गेट, आणि त्याची पी५३ची मुख्य जागा सुरुवातीपासून दोन हजारांहून जास्त अक्षरं मागे आहे. एमडीएम२ची तर मागे नाहीच, पुढे पहिल्या इंट्रॉनमध्ये (जीनमधल्या, नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यात) आहे. म्हणजे आंधळेपणाने हजारची विंडो लावली तर पुस्तकातली दोन्ही उदाहरणं हातून निसटतात आणि तुम्ही लिहिणार की संबंध आढळला नाही! त्यात पी५३ची जागा म्हणजे दहा-दहा अक्षरांचे दोन अर्धे तुकडे, मध्ये शून्य ते तेरा अक्षरांची फट चालते, आणि जास्परचा तक्ता ठरावीक रुंदीचा, त्यामुळे फटवाल्या जागा सुटू शकतात. हा जास्परचा दोष म्हणण्यापेक्षा त्या पद्धतीचीच मर्यादा आहे, पण माहीत असलेली बरी.

मग पेपर आणि डीएनए ही जोडी कुठे कामी येते? माझं आवडतं उदाहरण टर्ट, टेलोमरेजचा (गुणसूत्रांची टोकं लांबवणाऱ्या एन्झाइमचा) जीन. २०१३ मध्ये मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरमध्ये, त्याच्या प्रमोटरमध्ये दोन म्युटेशन सापडली, सी२२८टी आणि सी२५०टी. जागा वेगळ्या, पण दोन्हींमुळे तयार होणारा अकरा अक्षरांचा तुकडा अगदी तोच, आणि त्यात ईटीएस घराण्याच्या फॅक्टरला बसायची नवी जागा. साधा आणि बदललेला असे दोन्ही सिक्वेन्स जास्परमध्ये स्कॅन करून बघा, फरक डोळ्यांना दिसतो, शिकवायला यापेक्षा चांगलं काही नाही. पण ईटीएस घराण्यात पंचवीसच्या वर भावंडं आणि सगळ्यांची आवड जवळपास सारखी, मोटिफ तुम्हाला आडनाव सांगेल, नाव नाही. ते पेपरमधूनच मिळतं, २०१५ मध्ये प्रयोग करून दाखवलं की तिथे बसतो तो जीएबीपी. डीएनएने घराणं सांगितलं, लिटरेचरने माणूस दाखवला.

याच्या उलट, दोन्हीकडे पुरावा मिळाला म्हणून नाचायचं नाही. ज्या पेपरमध्ये ती जागा पहिल्यांदा सापडली तोच पेपर टेक्स्टमायनिंगने मोजला असेल तर एकाच साक्षीदाराला दोनदा पिंजऱ्यात उभं केल्यासारखं झालं. पेपर उघडून वाचायचा, त्याला पर्याय नाही. वर तिसरा पुरावा म्हणून चिप-सेक (फॅक्टर डीएनएवर कुठे बसलाय ते शोधणारा प्रयोग) बघायचं, यूसीएससीच्या जीनोम ब्राउझरवर एन्कोड प्रकल्पाचे ट्रॅक लावले की फॅक्टर पेशीत खरंच तिथे बसलेला दिसतो का ते कळतं, आणि उंदरातही ती जागा टिकून आहे का हेही तिथेच दिसतं.

एक गोष्ट या फुकटच्या सेटमध्ये सरळ मिळत नाही. एकच मोटिफ दोन जीनमध्ये असण्याला फारशी किंमत नसते, दोन-तीन मोटिफ त्याच क्रमाने आणि साधारण त्याच अंतरावर असले तर मात्र कान टवकारायचे. म्युनिकच्या जेनोमॅटिक्सचं पेड पॅकेज नेमकं याच विचारावर उभं होतं, एका बाजूला पेपर वाचणारं बिब्लिओस्फिअर, दुसऱ्या बाजूला प्रमोटर वाचणारं मॅटइन्स्पेक्टर. फुकटात करायचं तर मीम सूट या टूलच्या संचातलं स्पॅमो अंतर तपासून देतं, पण थोडा घाम काढतं.

बाकी फुकट म्हणजे हलकं असं बडोदेकराने तरी म्हणू नये, सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून राज्यभर फुकट वाचनालयं उभी केली, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आपले आजोबा-पणजोबा त्यावरच शिकले. (सेव उसळ मात्र आता अजिबात फुकट राहिली नाही, असो.)

माझे स्टार: स्ट्रिंगला साडेतीन, टेक्स्टमायनिंगची टिक काढता येते म्हणून, नाहीतर तीनच. जास्परला साडेचार. ईपीडीला चार, दिसायला जुनाट आहे पण काम चोख. पबटेटरला चार. ज्यांना दोन दिवसांत रंगीत चित्र हवंय त्यांनी हे वाचून उगाच जीवाला त्रास करून घेऊ नये. ज्यांच्याकडे आरएनए-सेकमधून (कुठला जीन किती चालू आहे ते मोजणाऱ्या प्रयोगातून) आलेली पन्नास-साठ जीनची यादी आहे आणि पुढे कुठल्या दोन-तीन जोड्यांवर लॅबचे पैसे घालायचे ते ठरवायचंय, त्यांनी जरूर वापरावं.

आणि यादी एक्सेलमध्ये उघडणार असाल तर आधी तो कॉलम टेक्स्ट करा. सेप्ट९ हा जीन, ज्याच्या मेथिलेशनवर (डीएनएवरच्या रासायनिक खुणेवर) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची रक्ततपासणी आहे, एक्सेल त्याची सरळ सप्टेंबरची तारीख करून टाकतं. शेवटी नाव देणाऱ्या कमिटीनेच हात टेकले आणि २०२०च्या सुमारास त्याचं सेप्टिन९ केलं. पण जुन्या पेपरमध्ये जुनंच नाव आहे, तेव्हा पबमेडवर शोधताना दोन्ही टाका.